नव्या मानसोपचारतज्ज्ञाला ‘चांगल्या दिवसां’बद्दलही सांगा

माझ्या भावाला बायपोलर आहे, म्हणजे कधी अतिउत्साह तर कधी खोल उदासी असा मानसिक आजार. त्याला विचारूनच हे लिहितेय. बदलीमुळे त्याचं शहर बदललं, डॉक्टरही बदलले. पहिल्या भेटीआधी घरात सूर एकच: "जुनं कशाला उकरायचं? नवे डॉक्टर नव्याने बघतील." आणि काकांनाही हाच आजार, त्याचं तर नावही काढायचं नाही.

मला हे अजिबात पटत नाही. बायपोलरचं निदान रक्त तपासून होत नाही, ते जुन्या हकिकतीवरूनच होतं. माणूस दवाखान्यात जातो तो बहुधा उदास असताना. त्याआधी रात्र रात्र जागून धंद्याचे बेत आखले, उधारी करून वस्तू आणल्या, बोलणं थांबेना, हा काळ घरच्यांच्या लेखी "तेव्हा चांगला होता की!" असतो, म्हणून कुणी सांगतच नाही. मग डॉक्टरांना फक्त डिप्रेशन दिसतं. आणि बायपोलरमध्ये नुसतं अँटिडिप्रेसंट (उदासीवरचं औषध) दिलं तर काहींना त्यानेच मॅनियाचा, म्हणजे त्या अतिउत्साहाचा, झटका येऊ शकतो.

काकांचंही सांगायलाच हवं. हा आजार घराण्यात असू शकतो. शिवाय त्यांना लिथियम हे मन स्थिर ठेवणारं औषध मानवलं होतं, आणि जवळच्या नातेवाइकाला कुठलं औषध लागू पडलं हे डॉक्टरांच्या उपयोगाचं असतं.

बाकीची औषधंही लपवू नका. लिथियम चालू असताना गुडघेदुखीसाठी आयबुप्रोफेन घेतलं तर रक्तातलं लिथियम धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकतं. थायरॉईड, क्रिएटिनिनचे (किडनीच्या तपासणीचे) जुने रिपोर्ट, वैद्यांचे काढे, दारू, सगळं सांगा.

सगळ्यात जास्त दडवला जातो तो आत्महत्येचा प्रयत्न. पोलिसांची भीती असते. पण २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५ नुसार वेगळं सिद्ध झालं नाही तर असा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच धरलं जातं, त्याला शिक्षा होत नाही. कलम २३ नुसार तुमची माहिती गोपनीय ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे, अपवाद मोजकेच. जुनी फाइल हवी असेल तर कलम २५ नुसार आपल्या नोंदी मिळणं हा रुग्णाचा हक्क आहे. ती मागताना ओशाळू नका, जुन्या डॉक्टरांना त्यात अपमान वाटायचं काही कारण नाही.

फाइल नसेल तर एका कागदावर लिहून न्या: औषध, डोस, किती दिवस घेतलं, का थांबवलं. "झोप फार यायची", "वजन वाढलं", "परवडेना", जे खरं असेल ते.

आणि घरच्यांना एक विनंती. आधी त्याला एकट्याला आत जाऊ द्या. तुमचं नंतर सांगा.