पाहुणे पक्षी कमी आले, असे लिहिण्यापूर्वी

दरवर्षी कार्तिक सरत आला की एक बातमी हमखास वाचायला मिळते : यंदा उजनी धरणाच्या काठच्या भिगवणला पाहुणे पक्षी कमी आले, किंवा स्थलांतर लांबले. सोबत मोकळ्या पाण्याचे छायाचित्र असते आणि हवामानबदलाविषयीचे एखादे वाक्य असते. हवामान बदलते आहे, याबद्दल मला शंका नाही. परंतु एका प्रसिद्ध ठिकाणी नोव्हेंबरमध्ये पक्षी न दिसणे आणि पक्षी मुळात न येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची गल्लत झाली तर खरी घट होईल तेव्हाही आपल्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, असे माझे ठाम मत आहे.

उजनीचाच विचार करू. भीमेवरचे हे धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. त्याची एकूण साठवणक्षमता सुमारे ११७ टीएमसी असून त्यातला निम्म्याहून अधिक भाग मृतसाठ्याचा आहे. भिगवण, कुंभारगाव, डिकसळ हा सगळा पट्टा याच धरणाच्या फुगवट्यावर येतो. पाऊस चांगला झाला की ऑक्टोबरअखेर पाणी थेट काठच्या उसापर्यंत पोहोचलेले असते. रोहित पक्षी (फ्लेमिंगो) चोच उलटी बुडवून पाण्यातले आणि चिखलातले सूक्ष्म जीव गाळून खातो, त्यामुळे त्याला पाय टेकतील इतके उथळ पाणी लागते. मालगुजा आणि टिलवे या चिखलात चोच खुपसून खाणाऱ्या पक्ष्यांना तर काठची ओली, मऊ पट्टीच हवी असते, कारण त्यांचे सारे अन्न त्या गाळातच दडलेले असते. धरण भरलेले असताना ही पट्टी पाण्याखाली असते. पुढे शेतीसाठी आवर्तने सुटतात, पातळी उतरते, गाळपेरीच्या, म्हणजे पाणी ओसरल्यावर गाळात पेरणी होणाऱ्या, जमिनी उघड्या पडू लागतात आणि मग ही मंडळी उतरतात. म्हणूनच भरल्या वर्षी रोहितांचे मोठे थवे पाहायला बहुधा जानेवारी-फेब्रुवारीची वाट पाहावी लागते. २०२३ मध्ये पाऊस अपुरा पडला आणि उजनी पूर्ण भरले नाही, तर २०२४ मध्ये ते काठोकाठ भरले. या दोन वर्षांतल्या नोव्हेंबरच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या आणि पाण्याची पातळी विचारातच घेतली नाही, तर निघणारा निष्कर्ष पक्ष्यांपेक्षा धरणाविषयीच अधिक सांगेल.

नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वरची गोष्ट निराळी आहे. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरचा हा बंधारा विसाव्या शतकाच्या आरंभीचा. शंभर वर्षांहून अधिक काळ साचलेल्या गाळाने त्याचे पात्र उथळ झाले असून त्यात भरपूर पाणवनस्पती वाढल्या आहेत. थापट्या, तलवार बदक, भुवई बदक यांना असेच पाणी मानवते. २०२० मध्ये महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, होण्याचा मान त्याला मिळाला, तो योग्यच होता. भिगवणला सामसूम असताना तेथे बदकांची गर्दी असू शकते, आणि भरल्या पावसाच्या वर्षी दोन्हींकडे पक्षी विरळ दिसण्याचेही एक साधे कारण असते : जिल्ह्या-जिल्ह्यांतले पाझर तलाव, गावतळी आणि कोल्हापुरी बंधारे भरलेले असतात आणि पक्षी त्यांवर विखुरतात. तिकडे दुर्बीण घेऊन कोणी फिरकत नाही, म्हणून ते पक्षी कोणाच्या यादीत येत नाहीत. माझ्या मते नोव्हेंबरमधल्या पक्षिनिरीक्षणातली सर्वांत मोठी उणीव हीच आहे.

पाण्याच्या पातळीशी फारसा संबंध नसलेले पाहुणेही आहेतच. माळरानावर गवताला घासून उडणारे भोवत्ये, ज्वारीवर थव्याने येणाऱ्या भोरड्या, नदीकाठी शेपूट हलवत फिरणारे धोबी यांच्या आगमनाच्या तारखा अनेक वर्षे सातत्याने नोंदवल्या तर त्यांतून खरोखर काही निष्पन्न होईल. अमूर ससाण्याच्या बाबतीत तर तारखेला विशेष मोल आहे. सायबेरियाचा आग्नेय भाग आणि ईशान्य चीन येथून निघालेला हा लहानसा शिकारी पक्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये नागालँड-मणिपुरात मोठ्या संख्येने थांबतो, तेथून द्वीपकल्प ओलांडतो आणि अरबी समुद्रावरून थेट आफ्रिकेकडे जातो. लोणावळ्याच्या परिसरात नोव्हेंबरच्या उत्तरार्धापासून तो दिसतो, तोही मोजकेच दिवस. येथे दिवस चुकला की नोंदही हुकली.

आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून होते आहे आणि तिचे महत्त्व मोठे आहे, पण ती जानेवारीत होते. नोव्हेंबरचे चित्र पूर्णपणे तुमच्या-माझ्यासारख्यांच्या नोंदींवर अवलंबून राहते. २०२३ चा भारतातील पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल अशाच हौशी निरीक्षकांच्या ईबर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावरील याद्यांवर उभा आहे; त्यात ९४२ जातींचा आढावा आहे, आणि ज्या ३३८ जातींचा दीर्घकालीन कल काढता आला त्यांपैकी २०४ घटताना दिसल्या. घट खरी आहे आणि म्हणूनच ती मोघम सांगितलेली मला चालत नाही.

त्यामुळे माझी विनंती दुर्मीळ पक्ष्यांच्या मागे धावणाऱ्या मित्रांना आहे. आपल्या गावाजवळच्या तळ्याची पूर्ण यादी करा, दिसलेली प्रत्येक जात आणि तिची संख्या लिहा, आणि एकही बदक नसेल तर तसेही नोंदवा. रिकाम्या तळ्याची नोंद आपण टाळतो, पण पुढे तुलना करताना तीच नसल्याचे जाणवते. जोडीला पाणी कुठपर्यंत आहे, चिखल उघडा पडला आहे का आणि गाळपेर सुरू झाली आहे का, हे तीन तपशील टिपणात टाका. भिगवणला गेलात तर नावाड्यांनाच विचारा. त्यांच्यातले बरेच जण मासेमारी करणाऱ्या कुटुंबांतले आहेत, आणि पाणी गेल्या वर्षी याच सुमारास कोणत्या बाभळीपर्यंत होते, हे ते हात करून दाखवतात.