दहा वर्षांनी आला आणि लगेच माफ?

वाचनालयातून आणलेली ऐतिहासिक प्रेमकादंबरी काल रात्री संपवली. पुन्हा तेच! नवरा लग्नानंतर आठवड्यातच मोहिमेवर जातो, दहा वर्षं एक चिटोरं नाही. मग घोड्यावरून उतरतो, कपाळावर व्रण, बाहेर पाऊस, आणि ही बया विरघळते. अगं, भांड तरी! गोदेला पूर आला की आम्ही नाशिककर नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघून पाणी कुठवर चढलं ते ठरवतो. या बाईच्या रागाला तेवढीही खूण नाही.

आणि दुरावा कशामुळे? सासूने लपवलेलं एक पत्र. तीनशे पानं त्या एका पत्रावर!

इतिहासच हवाय ना? मग नवऱ्याकडे जायला नकार देणाऱ्या रखमाबाई बघा. नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंग, असं १८८७ मध्ये कोर्टाने सुनावलं, तर बाई तुरुंगाला तयार झाल्या. पुढे डॉक्टर झाल्या. (तिथे दिलजमाई नव्हतीच, मान्य.)

मला दिलजमाई आवडते हो, म्हणून तर गंगापूर रोडचं ट्रॅफिक सोसून ही पुस्तकं आणते. पण त्या सरदाराने आधी चार महिने ओसरीवर झोपावं की! डासांत.