पाणी लागलं का?

मागच्या आठवड्यात गावी गेलो, तर बोअरची गाडी आमच्याच शेतात उभी. लातूरकडच्या माणसाला ही गाडी सांगायला नको. तमिळनाडूची नंबरप्लेट, तिकडचीच पोरं, रात्रभर घडघड. पाणाड्याने तळहातावर नारळ धरून जागा काढून दिली होती. नारळ उभा राहिला म्हणे. काळा दगड, मग लाल माती, परत काळा दगड. राखाडी फुफाटा डोळ्यांत, डोक्यात, शेजारच्या तुरीवर. दर थोड्या वेळाने दादाचं एकच पालुपद, "आणखी एक रॉड टाका." ५४० फुटांवर त्या पोरांनीच मान हलवली. कोरडा गेला.

हा आमचा सातवा. पाणी आहे एकाला, तेही उन्हाळ्यात मोटर अर्धा तास चालते आणि हवा मारायला लागते. (साठ मीटर, म्हणजे साधारण २०० फुटांच्या खाली शेतीसाठी बोअर घ्यायला २००९च्या भूजल कायद्याने बंधन घातलंय. हा कायदा ठाऊक असलेला माणूस आमच्या गावात अजून मला भेटायचाय.)

रात्रभर फोन चालू होते. भावकी, मामा, सोयरे, सगळ्यांचा प्रश्न एकच, "पाणी लागलं का?" किती पाणी लागतं, हे कुणीच विचारत नाही. 'लागणं' हा शब्द मराठीत दोन्हीकडे चालतो, पण आम्ही तो एकाच बाजूने वापरतो. माझं म्हणणं तेवढंच आहे.

२०१६ आठवतंय ना? लातूरला पाणी देणारं मांजरा धरण आटलं, मार्चमध्ये शहरात टँकर भरायच्या ठिकाणी जमावबंदी लागली. १२ एप्रिलला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. पहिल्या खेपेला १० वाघिणी, साधारण पाच लाख लिटर. स्टेशनवर हार घेऊन माणसं उभी होती, कॅमेरे होते. त्याच वर्षी परतीच्या पावसात मांजरा भरलं. मग त्या रेल्वेतून आपण काय शिकलो? पुढच्या दोन वर्षांत शिवारात ऊस परत उभा राहिला.

आता लगेच ऊसवाल्यांना शिव्या घालू नका, थांबा. राज्याच्या लागवडीत उसाचा वाटा अगदी थोडा आणि सिंचनाचं निम्म्याहून जास्त पाणी त्याला, हे मलाही माहीत आहे. पण २०१६च्या पावसाळ्यात आमच्याकडच्या लोकांनी तूर पेरली होती. भरघोस आली. आणि २०१७ला तुरीचा भाव हमीभावाच्या, क्विंटलला ५०५० रुपयांच्या, खाली गेला. खरेदी केंद्राबाहेर ट्रॅक्टरच्या रांगा, बारदाना नाही म्हणून मापं बंद. दादा तेव्हा चार दिवस ट्रॉलीतच झोपला. उसाला कारखाना आहे, ठरलेला भाव आहे, पाऊस-गारपिटीत तो सहसा मोडत नाही. डाळीला यातलं काय आहे? पाण्याची मागणी शेतात ठरत नाही, बाजारात ठरते. तुरीचा दाणा न् दाणा हमीभावाने उचला, बघा पाणी वाचतं की नाही. हे कुठल्याही धरणापेक्षा स्वस्त पडेल. पण धरणाला भूमिपूजन असतं. आमच्या लहानपणापासून सोलापूरकडच्या 'उजनीचं पाणी लातूरला येणार' ऐकतोय, तेही असंच.

हिशेब बसतच नाही असं नाही. १९७२च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. तिथला नियम वाचून मी पहिल्यांदा चमकलो होतो. पाणी जमिनीवर नाही, माणशी. डोई अर्धा एकराला पुरेल इतकं, घराला जास्तीत जास्त अडीच एकरांचं. भूमिहीनालाही वाटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही. आणि ऊस बंद. हिवरे बाजारला आजही पावसाळा संपला की पाऊस किती पडला ते मोजून ग्रामसभेत ताळेबंद मांडतात. आधी माणसं आणि जनावरं, मग रब्बी, उरलं तर उन्हाळी. शेतीसाठी बोअर नाहीच. म्हणजे भांडण करायचंच, पण ते पेरणीच्या आधी, मे महिन्यात टँकरपुढे नाही.

हे सगळं मी दादाला त्या रात्री गाडीच्या आवाजात ओरडून सांगितलं. तो म्हणाला, "आपण एकट्यानं बोअर मारला नाही, तर खालचं पाणी राहणार आहे व्हय? शेजारचा ओढून घेतोय." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. जमिनीला बांध असतो, खालच्या पाण्याला नसतो. एकट्याने शहाणं होऊन इथे फक्त तोटाच होतो, म्हणून तर नायगावला अख्खं गाव एका नियमात आणावं लागलं.

मग म्हणाला, "तुझ्या पुण्यात रोज नळ येतो, तू कशाला शिकवतोस?"

तेही खरंच. आणि लातुरात आमचं घर होतं तेव्हा आठ-दहा दिवसांनी नळ यायचा. नळाची सूं सूं ऐकली की आई आधी काय करायची, तर भरलेले हंडे, बादल्या, टिपाड मोरीत पालथं करायची. शिळं पाणी. मग ताजं भरायचं. सगळी गल्ली करायची, आजही करते. नळ उद्या येईल याचा भरवसा नसला की माणूस काटकसर करत नाही, साठे करतो आणि ओततो. दररोज अर्धा तास नक्की पाणी द्या, मीटर बसवा, लोक कमी वापरतील. हे बोललं की महापालिकेच्या निवडणुकीत मीटरवाला पडतो.

सकाळी गाडी गेली. भोकात कुणाचं पोर पडू नये म्हणून दादाने वर पोतं बांधून दगड ठेवला. बिलातले निम्मे पैसे मी दिले, नाही म्हणालो नाही. मी चहा घेत होतो तोवर तो बांधावर उभा राहून पाणाड्याला फोन लावत होता. या वेळी विहिरीच्या पलीकडची जागा बघणार आहेत.