समुद्राचा काही त्रास नाही

क्रूझचं बुकिंग झालं की नाशिककराचा पहिला प्रश्न ठरलेला : "बोट लागेल का हो?" हा प्रश्न विचारणाऱ्या माणसाने चैत्रात वणीचा घाट एसटीच्या शेवटच्या सीटवर बसून चढलेला असतो, आणि वर पोचल्यावर तासाभरात पुरणपोळीही खाल्लेली असते. त्याला मी एवढंच सांगतो, की समुद्राची काळजी सोडा. दहा-बारा मजली बोटीवर सगळ्यात कमी त्रास समुद्राचा होतो. कागद, रांगा, लिफ्ट, बिल आणि आपणच भरलेली बॅग, खरा छळ यांचा.

तरी समुद्राचं एकदा उरकून टाकू. बोटीच्या दोन्ही बाजूंना पाण्याखाली पंखासारखे स्टॅबिलायझर असतात, त्यांनी डावी-उजवीकडची डुगडुग बरीच मरते. पुढे-मागे होणारं हलणं मात्र उरतंच. ते बोटीच्या टोकांना जास्त आणि मधोमध, खालच्या मजल्यांवर कमी जाणवतं. म्हणजे "उंचावरची, पुढची, भारी केबिन घ्या" असं सांगणारा नातेवाईक तुम्हाला जास्त पैसे भरून जास्त हलवतो आहे. गोळी (ॲव्होमिन म्हणा, स्टुजेरॉन म्हणा) डॉक्टरांना विचारून बरोबर घ्या आणि प्रवासाच्या आधी घ्या. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी बहुतेक वेळा पाण्याबरोबरच परत येते. या गोळ्यांनी झोप येते, म्हणून त्यांच्यावर दारू नको. बाकी आल्याचा तुकडा चघळावा, पोट अगदी रिकामं ठेवू नये, मोबाईल खाली ठेवून क्षितिजाकडे बघावं. मुंबईहून सुटणाऱ्या सहली पावसाळ्यात बंद असतात. त्यामुळे ऑक्टोबर ते मे या काळात अरबी समुद्र सहसा गंगापूर धरणाच्या बोट क्लबपेक्षा फार वेगळा वागत नाही. संपला समुद्र.

आता मूळ दुखणं : नाशिकहून बोटीपर्यंत पोचणं. बॅलार्ड पियरचं क्रूझ टर्मिनल सीएसएमटीपासून टॅक्सीने दहा-पंधरा मिनिटांवर आहे. म्हणून मुंबईहून सुटणाऱ्या बोटीसाठी पंचवटी एक्स्प्रेससारखं साधन नाही. नाशिकरोडला सकाळी सातच्या सुमारास बसा, अकराच्या आसपास उतरा. पण सोसायटीत एक गाडीवाला असतोच. तो म्हणतो, "आता समृद्धी झालाय, तीन तासांत सोडतो." जून २०२५पासून इगतपुरी ते आमणे हा शेवटचा तुकडा सुरू झाल्याने कसाऱ्याचा घाट टळतो, हे खरं. पण समृद्धी आमण्याला संपतो, आणि भिवंडी-ठाणे तिथूनच सुरू होतं. शिवाय नाशिकमधून बाहेर पडण्याआधी सगळ्यांना गोळा करायचं असतं, म्हणजे द्वारका, मुंबई नाका, इंदिरानगर, आणि पाथर्डी फाट्यावर कुणीतरी चार्जर विसरल्याचा फोन. बोटीवर चढण्याची खिडकी सुटण्याच्या तास-दीड तास आधी बंद होते. तिकिटावर दिसते ती वेळ बोट सुटण्याची, आपण तीच वेळ पोचण्याची समजतो. आणि बोट थांबत नाही. एसटीच्या कंडक्टरला "एक मिनिट, मिस्टर येतायत" म्हणून थांबवणाऱ्या वहिनींचा इथे इलाज चालत नाही. सिंगापूर, बार्सिलोना वगैरे बंदरांतून बोट पकडायची असेल, तर विमानाने आदल्या दिवशीच पोचा. एका रात्रीच्या हॉटेलचा खर्च डोळ्यांत भरतो खरा, पण सुटलेली बोट पुढच्या बंदरात गाठायची म्हणजे नवं विमान, नवं हॉटेल आणि कधीकधी नवा व्हिसा.

व्हिसावरून आठवलं. बोट सिंगापूरहून निघून मलेशियाला जाते आणि परत सिंगापूरला येते, तेव्हा तुम्ही सिंगापूरमध्ये दोनदा शिरता. व्हिसा एकापेक्षा जास्त प्रवेशांचा आहे का, हे तिकीट काढायच्या आधी बघा. युरोपातही तेच. पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतर निदान सहा महिने हवी. तिकिटावरचं नाव पासपोर्टवरच्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे. आपल्याकडे वडिलांचं नाव मधे कधी असतं, कधी नसतं, कधी आडनावाच्या रकान्यात जाऊन बसतं. काउंटरवरच्या मुलीला "आमच्यात असंच लिहितात" हे पटत नाही. काही आशियाई मार्गांवर पासपोर्ट बोटीवर जमा करून घेतात, तेव्हा झेरॉक्स खिशात ठेवा. देशातल्या देशात फिरणाऱ्या बोटीला मूळ ओळखपत्र लागतं, लहान मुलांचंसुद्धा. लक्षद्वीपला उतरायचं तर प्रवेश परवानाही लागतो. तो तुमच्या पॅकेजमध्ये आहे का, ते लेखी विचारा.

किमतीचं गणित असं. जाहिरातीतला आकडा हा एका माणसाचा, दोघांनी केबिन घेतल्यास, सगळ्यात आतली खोली, सगळ्यात नावडती तारीख. त्यात बंदर शुल्क, कर आणि सेवेचा आकार मिळवा. अमेरिकी कंपन्यांत टिपेची रक्कम माणशी दिवसाला १६ ते २० डॉलरच्या आसपास आपोआप खात्यात चढते, काही कंपन्यांत पाळण्यातल्या बाळाचीसुद्धा. एकटा माणूस गेला तर केबिनचे जवळजवळ दोघांचे पैसे पडतात. तिसरा-चौथा माणूस स्वस्त पडतो, कारण त्याला छतातून किंवा भिंतीतून उघडणाऱ्या वरच्या बर्थवर झोपायचं असतं. साधी आतली केबिन दीडशे चौरस फुटांच्या आसपास. त्यात चार माणसं, चार बॅगा, आणि रात्री वरून उतरणारे काका. माझं मत विचाराल, तर तिघांच्या वर एका केबिनमध्ये राहू नये, संबंध पुढेही टिकवायचे असतात.

केबिन निवडताना बोटीचा नकाशा उघडून वरचा आणि खालचा मजला बघा. वर पोहण्याचा तलाव किंवा बुफे असेल, तर पहाटे पाचला डोक्यावर खुर्च्या ओढल्या जातात. खाली नाचगाण्याचं सभागृह असेल, तर रात्री एकपर्यंत पलंग ठेका धरतो. वरही केबिन आणि खालीही केबिन, ही जागा उत्तम. "समुद्र दिसेल, पण अंशतः" असं लिहिलेल्या खिडकीतून नारिंगी जीवरक्षक नौकेचं पोट दिसतं. आतल्या केबिनला खिडकी नसते, दिवा बंद केला की दुपारी बारालाही काळोख. झोपाळू माणसासाठी हीच सगळ्यात भारी केबिन, फक्त न्याहारी चुकते.

आता बॅग. या विषयावर माझ्या मनात राग साठलेला आहे, त्यामुळे थोडं लांबेल. बोटीला सगळ्यात मोठी भीती आगीची. म्हणून इस्त्री, किटली, इंडक्शन शेगडी, मेणबत्ती, उदबत्ती, कापूर यांतलं काहीही तपासणीत दिसलं की बाजूला काढतात. "सकाळची पूजा आहे हो" म्हणून भागत नाही. पूजा करा, मानसपूजा करा. वीज वाढली तर सांभाळणारा, म्हणजे सर्ज प्रोटेक्टरवाला, एक्स्टेन्शन बोर्डसुद्धा चालत नाही, आणि हल्ली बऱ्याच कंपन्या कुठलाच बोर्ड नको म्हणतात. त्याऐवजी चार-पाच यूएसबी तोंडांचा चार्जर घ्या, कारण केबिनमध्ये वापरण्याजोगे प्लग एक-दोनच असतात. परदेशी बोटींवर अमेरिकी चपटे आणि युरोपी गोल असे प्लग सापडतात. आपला दोन गोल पायांचा चार्जर युरोपी प्लगमध्ये बसतो, तीन पायांचा मुळीच नाही.

दोन वस्तू मात्र न विसरता घ्या. पहिली, चुंबकाचे हुक. केबिनच्या भिंती पोलादी पत्र्याच्या असतात. टोप्या, पिशव्या, कार्डं सगळं भिंतीला टांगता येतं आणि पलंगावर बसायला जागा उरते. दुसरी वस्तू म्हणजे संडासात नेण्याजोगी दाबायची बाटली. परदेशी बोटीवर जेट नसतो, मगही नसतो, फक्त कागद असतो. या संडासांचं सगळं ओढण्याचं काम हवेच्या दाबावर चालतं, बटण दाबलं की विमानासारखा आवाज होतो. त्यात दिलेल्या कागदाशिवाय काहीही टाकलं, ओला रुमाल म्हणा, डायपर म्हणा, तर पाइप तुंबून शेजारच्या चार केबिनही बंद पडतात. मग कॉरिडॉरमध्ये संशयाने बघणारे शेजारी आणि "आम्ही नाही हो" म्हणणारे आपण.

मोठी बॅग बंदरावर हमाल घेतात आणि ती केबिनपाशी पोचायला तीन-चार तास, कधी संध्याकाळ होते. तोवर हातातल्या पिशवीत औषधं, चष्मा, पोहण्याचे कपडे, लहान मुलांचा एक बदली जोड आणि चार्जर हवा. रोजची बीपीची गोळी मोठ्या बॅगेत टाकणारे काका पहिल्या दुपारी बोटीचे अकरा मजले पालथे घालतात, आणि बीपी खरंच वाढवून घेतात.

खाण्याचं. घरी केलेल्या दशम्या, लोणच्याची बरणी, डब्यातली चटणी बहुतेक बोटींवर काढून ठेवायला लावतात. कारखान्यात सीलबंद झालेलं पाकीट सहसा चालतं. तेव्हा नाशिकचा चिवडा दुकानातून सीलबंद घ्या, वहिनींचा कितीही सरस असला तरी. जैन किंवा बिनकांद्याचं जेवण भारतीय बोटीवर सहज मिळतं. परदेशी बोटीला महिना-दीड महिना आधी लेखी कळवावं लागतं, चढल्यावर सांगितलं तर उकडलेल्या भाज्यांची थाळी येते. द्राक्षांची पेटी न्यायचा मोह नाशिककराला होणारच. फळं बंदरावर उतरवणं कित्येक देशांत गुन्हा आहे, आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये दंड भरताना पेटीच्या किमतीची आठवण येत नाही, इतका तो मोठा असतो. द्राक्षं वेगळ्या रूपात मात्र नेता येतात. बऱ्याच परदेशी कंपन्या चढण्याच्या दिवशी माणशी साडेसातशे मिलीची एक सीलबंद वाइनची बाटली हातातल्या सामानात आणू देतात. जेवणघरात उघडली तर बूच काढण्याचे पैसे वेगळे. बाकी दारू जप्त होते आणि ती परत मिळेलच असं नाही.

पहिल्या दुपारी सगळी बोट एकाच बुफेवर तुटून पडते. त्याच वेळी खालचं मोठं जेवणघरही पुष्कळदा उघडं असतं, तिथे बसवून वाढतात आणि गर्दी नसते. पण "पैसे भरलेत" हे वाक्य कानात घुमत असल्याने आपण ताटलीवर ताटली रचून उभ्यानेच जेवतो. बुफेतला चहा, पाणी, सरबत फुकट. तोच चहा कॉफीबारच्या खुर्चीवर बसून घेतला की बिल येतं, ते बिल केबिनच्या कार्डावर चढतं, आणि कार्ड दाखवताना पैसे गेल्यासारखं वाटत नाही. हा त्या कार्डाचा हेतूच आहे. जेवायच्या आधी हात साबणाने धुवा. बोटींवर पसरणाऱ्या नोरोव्हायरसला, म्हणजे उलट्या-जुलाबांच्या विषाणूला, नुसत्या सॅनिटायझरने फारसा फरक पडत नाही.

तलावाकाठच्या खुर्च्यांचं सांगायलाच हवं. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्याची कला आपल्या रक्तात आहे, पण इथे टॉवेल टाकून न्याहारीला गेलात, तर अर्ध्या-पाऊण तासाने कर्मचारी तो उचलून ठेवतात. वाद घालू नये. टॉवेल तुमच्या कार्डावर नोंदलेला असतो, हरवला तर त्याचेही पैसे लागतात.

बोट सुटण्याच्या आसपास भोंगा वाजतो : सात आखूड आणि एक लांब. ही संकटकाळची कवायत. हल्ली बऱ्याच ठिकाणी चित्रफीत बघून आपल्या नेमून दिलेल्या जागी जायचं आणि कार्ड दाखवून यायचं, दहा मिनिटांत सुटका. "आम्हाला पोहता येतं" म्हणत केबिनमध्ये लपून बसू नका, नाव घेऊन बोलावतात. २०१२ साली कोस्टा कॉन्कॉर्डिया इटलीच्या किनाऱ्याजवळ खडकावर आदळली तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांची ही कवायत व्हायचीच होती. ३२ माणसं गेली. बोट सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी कवायत घ्यायचा नियम त्यानंतर आला. इथे थट्टा पुरे.

किनारा सुटला की फोन विमान मोडवर टाका. बोटीचा स्वतःचा मोबाइल टॉवर उपग्रहावरून चालतो आणि तुमचा फोन गपचूप त्याला चिकटतो. त्या रोमिंगचे दर असे, की सोसायटीच्या ग्रुपवरचा सूर्योदयाचा एक व्हिडिओ सूर्याच्या भावात पडतो. इंटरनेट हवंच असेल, तर वायफायचं पॅकेज चढण्याआधी घ्या, बोटीवर ते महाग मिळतं.

बंदरात उतरताना घड्याळ बोटीच्या वेळेवर ठेवा. फोन किनाऱ्याची वेळ आपोआप पकडतो आणि तासाचा घोळ होतो. परतीची शेवटची वेळ सुटण्याच्या अर्धा ते एक तास आधीची असते. कंपनीच्या सहलीला उशीर झाला तर बोट थांबते किंवा कंपनी सोय करते. घासाघीस करून ठरवलेल्या टॅक्सीला ही सवलत नाही. जिथे पाणी उथळ आहे, उदाहरणार्थ लक्षद्वीप, तिथे बोट दूर नांगरते आणि लहान नावांतून किनाऱ्यावर नेतात. लाटा वाढल्या तर हे रद्द होतं आणि बहुधा फक्त बंदर शुल्क परत मिळतं. रिसेप्शनवर आरडाओरडा करून बेट जवळ येत नाही, तरी नाशिकचा एक गट ते करून बघतोच.

शेवटच्या दिवसाची रांग आदल्या रात्रीच टाळा. जेवणानंतर टीव्हीवर किंवा ॲपवर आपलं खातं बघा. न घेतलेला ज्यूस, दोनदा चढलेला फोटो असं काही असेल तर तेव्हाच सांगा, कारण सकाळी त्या टेबलापाशी अख्खी बोट उभी असते. उतरल्यावर दुपारची गाडी गाठायची असेल, तर बाराच्या सुमारास सुटणाऱ्या जनशताब्दीवर भरवसा ठेवा, पण बोट वेळेवर लागली तरच. धोका नको असेल तर संध्याकाळची पंचवटी आहे.

मोठ्या बॅगा रात्री दहा-अकराच्या आत पट्टी लावून केबिनबाहेर ठेवायच्या असतात. त्या थेट बंदरावरच भेटतात. म्हणून सकाळी घालायचे कपडे, बूट, दात घासायचं सामान आणि पासपोर्ट आत ठेवा. हे सगळ्यांना सांगितलेलं असतं, तीनदा घोषणाही होते. तरीही प्रत्येक सफरीला एक तरी कर्तबगार गृहस्थ सगळं नीट घडी घालून, कुलूप लावून, बॅग बाहेर ठेवून मोकळा होतो, आणि दुसऱ्या दिवशी इमिग्रेशनच्या रांगेत बर्म्युडा आणि बोटीचा पांढरा झगा घालून उभा राहतो. बायको चार माणसं सोडून पुढे उभी असते. झगा परत द्यावा लागतो.