किती खाली येतं ते सांगा

गाडीच्या दाराखालचा पत्रा गंजून चाळणी झाला की शहाणी माणसं पुटी भरून रंग मारतात आणि ती गाडी दुसऱ्याला विकतात. मी घरीच वेल्डिंग करायचं मनावर घेतलं. एकदा हे जाहीर झालं की कळतं, आपल्या ओळखीत वेल्डिंग मशीनबद्दल ठाम मत नसलेला माणूसच नाही.

विक्रेत्याने पहिलंच मशीन टेबलावर आदळलं. "दोनशे अँपिअर! पाच मिलिमीटरची प्लेट सहज जोडेल."

"मला 0.8 मिलिमीटरचा पत्रा जोडायचाय."

"मग तर काय, आरामात!"

या 'आरामात'चीच मला भीती. जाड लोखंड जोडणारं मशीन पातळ पत्रा जोडेलच, हा हिशेब इथे चालत नाही. उष्णता जरा जास्त झाली की पत्रा जुळायच्या ऐवजी गळतो. पडलेलं भोक बुजवायला जावं तर ते मोठं होतं, आणि थोड्या वेळाने मूळच्या गंजाबद्दल आपुलकी वाटू लागते. ढोबळ नियम असा की इंचाच्या हजाराव्या भागाएवढ्या जाडीला साधारण 1 अँपिअर. म्हणजे माझ्या पत्र्याला तिसाच्या आसपास पुरे. म्हणून मी विचारलं, "हे किती खाली येतं?"

पैलवानाला सुई ओवता येते का विचारावं, तसा त्याचा चेहरा झाला. वरचा आकडा खोक्यावर तळहाताएवढ्या अक्षरांत छापला होता. खालचा शोधायला मशीन उलटं करून मागच्या पट्टीवर मोबाइलचा उजेड पाडावा लागला.

एक मित्र रॉडच्या मशीनने फाटकं बनवतो. "होल्डर, रॉड, संपला विषय," म्हणाला. त्याचा नेहमीचा रॉड 2.5 मिलिमीटरचा. माझ्या पत्र्याच्या तिप्पट जाड! पत्र्याला रॉड जोडायचा की रॉडला पत्रा, एवढंच विचारून मी तो विषय खरोखर संपवला.

बापूकाका टिगचे, म्हणजे टंगस्टनच्या टोकाने जोडणाऱ्या वेल्डिंगचे, भक्त. एका हातात वेल्डिंगची टॉर्च, दुसऱ्या हातात भरणीची तार, पाय पेडलवर, आणि जोड असा की दृष्ट काढावी. सगळं खरं. पण टिगला पत्रा लख्ख लागतो, आणि काम सावकाश चालत असल्याने उष्णता पसरून पत्रा वाकडा होण्याची धास्ती असते. शिवाय मी गाडीखाली उताणा पडलेला असताना पेडल कुठे ठेवायचं? "कोपराने दाबायचं," काका म्हणाले. त्यांनी स्वतः कधी दाबलंय का, हे विचारायचा धीर झाला नाही.

उरलं मिग, म्हणजे बटण दाबलं की तार आपोआप पुढे सरकवणारं मशीन. त्यातही बिनगॅसवालं स्वस्त आणि सुटसुटीत म्हणून गळ्यात मारायला सगळे टपलेले. त्याच्या तारेच्या पोटात फ्लक्स, म्हणजे जळून जोडाला हवेपासून वाचवणारी पूड, असतो. ते वारा असला तरी चालतं, पण पातळ पत्र्यावर तापट. वर ठिणग्यांचे दाणे आणि मळीचा थर, तो खरवडत बसा. पत्र्याचं काम करणारे 0.6 मिलिमीटरची साधी तार आणि आर्गॉन-कार्बन डायऑक्साइडचा गॅस घेतात. टॅक, म्हणजे ठिपक्याएवढा जोड, मारायचा, लांब दुसऱ्या टोकाला जाऊन दुसरा मारायचा, पहिला निवेपर्यंत थांबायचं. सलग रेघ ओढण्याचा मोह ज्याला आवरत नाही, त्याने फाटकंच करावीत.

मग 'ड्यूटी सायकल'. पट्टीवर 20 टक्के लिहिलेलं: त्या अँपिअरला दहा मिनिटांत दोन मिनिटं काम, आठ मिनिटं आराम. हे वाचून बायको म्हणाली, "अहो, हे तुमच्याच मापाचं आहे." टोमणा सोडला तर मुद्दा बरोबर होता. टॅक मारणाऱ्याला दोन मिनिटं सलग लागतातच कुठे? त्या टक्केवारीसाठी जास्त पैसे मोजायचं कारण नव्हतं.

तेच पैसे आपोआप काळी होणाऱ्या काचेच्या हेल्मेटला आणि अग्निशामकाला लावले. बॅटरीची तार काढणं आणि आतलं कार्पेट बाहेर घेणं फुकट आहे, तरी याच दोन गोष्टींचा कंटाळा का येतो कोण जाणे.

शेवटी तिसापर्यंत खाली येणारं मिग मिळालं. पावती फाडताना विक्रेता म्हणाला, "सिलिंडर वेगळा घ्यावा लागेल हं. लहान की मोठा?" मी विचार करून सांगतो म्हटलं. बापूकाकांना कुठून कळलं देव जाणे, उद्या सकाळी ते खास त्यासाठी येणार आहेत.