लेकींचा वाटा संपला म्हणे! कुठल्या कोर्टात?

तासगावच्या आमच्या आत्याला तिच्याच धाकट्या भावाने, म्हणजे आमच्या चुलत्यांनी, तो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय तोच मेसेज टाकला. 'सुप्रीम कोर्टाचा ऐतिहासिक निकाल, लग्न झालेल्या मुलींचा वडिलांच्या जमिनीवरचा हक्क संपला', खाली पाच मुद्दे. निकालाची तारीख नाही, केसचं नाव नाही. आणि लगेच फोन, "आक्का, हक्कसोडपत्र तयार आहे, तेवढी सही करून जा."

2005 च्या आधी लग्न झालं असेल, किंवा वडील त्याआधी वारले असतील तर हक्क नाही, हे पहिले दोन मुद्दे. याचं उत्तर सुप्रीम कोर्टानेच 11 ऑगस्ट 2020 ला विनीता शर्मा केसमध्ये देऊन ठेवलंय, तीन न्यायमूर्तींचं खंडपीठ होतं. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलासारखाच जन्माने येतो, 9 सप्टेंबर 2005 ला, म्हणजे हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी, वडील हयात असायलाच पाहिजेत असं काही नाही. वडील हयात पाहिजेत असं सांगणारा 2015 चा फुलवती निकाल त्यातच रद्द झाला. आधी लग्न झालेल्या मुलीला वगळायची अट आपल्या महाराष्ट्राच्या 1994 च्या दुरुस्तीत होती, 2005 च्या केंद्राच्या कायद्यात ती नाही. मेसेजवाले अजून तिथंच अडकलेत.

तिसरा मुद्दा वाचून मात्र डोकंच फिरलं. 'लग्नात हुंडा, सोनं, भांडी दिली म्हणजे वाटा पोचला.' अरे, हुंडा देणं-घेणं 1961 पासून गुन्हा आहे, आणि तुम्ही तोच वाटणीचा पुरावा म्हणून पुढं करताय? त्यात दिलेलं गेलं कुणाच्या घरात, सासरच्या. आत्याच्या हातात त्यातलं काय राहिलं ते घरातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. आणि भावांनो, तुमच्या लग्नात मांडव, बँड, जेवणावळी झाल्याच की, तो खर्च तुमच्या वाट्यातून कुणी वजा केला? मुंबई हायकोर्टाच्या गोवा खंडपीठाने 2023 मध्ये स्पष्ट म्हटलंय, लग्नात मुलीला काही दिलं तरी घरच्या मिळकतीतला तिचा हक्क जात नाही. गोव्याचा वारसा कायदा वेगळा आहे हे मान्य, पण आपल्या हिंदू वारसा कायद्यात तरी हुंडा वजा करायचं कलम कुठं आहे ते दाखवा.

चौथा मुद्दा, बारा वर्षांच्या मुदतीत दावा केला नाही तर हक्क गेला, हे अर्धं खरं आहे. पण ती वाटणीतून आपल्याला वगळलंय हे कळल्यापासून मोजतात, लग्नाच्या तारखेपासून नाही. भाऊ जमीन कसतोय एवढ्यावर बहिणीचा हक्क बुडत नाही.

आणि पाचवा, सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून हक्क नाही? फेरफार नोंद महसुलासाठी असते, त्याने मालकी ठरत नाही.

आता नाइलाजाने कबूल करायचं ते पण करतो. वडिलांनी स्वतः कमावलेली जमीन मृत्युपत्राने एकट्या मुलाला दिली तर मुलीला फारसं काही करता येत नाही. 20 डिसेंबर 2004 च्या आधी रजिस्टर वाटणी झाली असेल तर ती उकरता येत नाही. आणि मुंबई हायकोर्टाने नोव्हेंबर 2024 मध्ये मुलीच्या विरोधात निकाल दिलाय खरा, पण तो 1956 चा हिंदू वारसा कायदा यायच्या आधी, विधवा मागे ठेवून वारलेल्या माणसाच्या मुलीबद्दल. मेसेज बहुतेक यावरूनच शिजवलाय. आमचे आजोबा त्यानंतर कितीतरी वर्षांनी गेले.

आत्याला एवढंच सांगितलंय, कुणी कितीही घाई केली तरी हक्कसोडपत्राचा कागद आधी घरी आण, वकिलाला दाखव. एकदा रजिस्टर झालं की ते रद्द करायला दिवाणी कोर्टात फसवणूक सिद्ध करत बसावं लागतं.