तिन्ही हत्यारे का दिली? एका प्रतिक्रियेला उत्तर

शस्त्रप्रेमी महोदय,

माझ्या परवान्यावरची तिन्ही हत्यारे, म्हणजे आजोबांची दुनळी, वडिलांचे रिव्हॉल्व्हर आणि माझी स्वतःची पॉइंट बावीस रायफल, मी रीतसर कशी देऊन टाकली हे मागच्या लेखात लिहिले होते. त्यावर आपण लांबलचक प्रतिक्रिया दिली आहे. तीत कायद्याचे काही मुद्दे आहेत, संग्रहालयाविषयी एक सूचना आहे, आणि मधोमध हे वाक्य आहे: "सरकारने एक मागितले तेव्हा तिन्ही देऊन मोकळा होणारा माणूस संग्राहक नसतो, भंगारवाला असतो, तुमच्या वडिलांना हे पाहावे लागले नाही हे बरेच झाले." बाकीचे मुद्दे मी थोडक्यात उरकणार आहे. या वाक्याला मात्र पूर्ण उत्तर देणे भाग आहे, कारण ते लिहिणाऱ्याने माझ्या वडिलांना कधी पाहिलेले नाही, आणि तरीही त्यांना काय वाटले असते हे तो मला सांगतो आहे.

आधी आपले जे बरोबर आहे ते मान्य करतो. रायफल क्लबचा सदस्य नेमबाजीच्या सरावासाठी जी पॉइंट बावीस रायफल वापरतो, तिला एका माणसाने दोनच हत्यारे बाळगण्याची आजची मर्यादा लागू होत नाही, ही सवलत कायद्यात आहे आणि मूळ लेखात तिचा उल्लेख असता तर बरे झाले असते. माझे क्लबचे सदस्यत्व दृष्टी अधू झाल्यावर संपले, त्यामुळे मला तिचा उपयोग नव्हता. पण इतर वाचकांना होऊ शकतो, म्हणून ही भर घातल्याबद्दल आपले आभार.

आता माझ्या वडिलांविषयी. 1959च्या शस्त्र कायद्यात सुरुवातीला एका व्यक्तीने किती बंदुका बाळगाव्यात यावर मर्यादा नव्हती. 1983च्या दुरुस्तीने ती तीनवर आणली. त्या वेळी ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या घरात तीनपेक्षा जास्त हत्यारे होती. आजोबांची मुरबाडकडे शेती होती, रानडुकरांपासून पीक राखायला त्यांनी ठासणीची बंदूक घेतली होती आणि शिकारीचा शौकही त्या काळच्या रीतीप्रमाणे होताच. 1972च्या वन्यजीव कायद्याने शिकारीवर कडक बंधने आली तरी हत्यारे घरात राहिली. 1983मध्ये वडिलांनी कोणाच्या नावाने बोटे मोडली नाहीत. त्यांनी सगळी हत्यारे दिवाणखान्यात सतरंजीवर मांडली, एकेकाची नळी उजेडाकडे धरून आतून पाहिली, ठासणीची आणि एक एकनळी बाजूला काढली आणि आम्हा भावंडांना सांगितले की ज्या हत्याराची देखभाल आपल्या हातून होत नाही ते आपले नव्हे. ती दोन्ही त्यांनी स्वतः नेऊन दिली. आपल्या हिशेबाने तेही भंगारवाले ठरतात. हे वाक्य लिहिण्यापूर्वी आपण एवढा तरी विचार करायला हवा होता.

त्यांच्या मृत्यूनंतर काय झाले तेही ऐका, कारण मी तिन्ही हत्यारे का दिली याचे खरे कारण तिथे आहे. परवाना माणसाच्या नावावर असतो, घराच्या नव्हे. परवानाधारक गेला की त्याच्या कपाटातली बंदूक बाळगणे घरातल्या कोणालाही कायदेशीर राहत नाही, आणि कलम 21प्रमाणे ती विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते. माझ्या आईला यातले काहीच ठाऊक नव्हते. सुतकात भेटायला आलेल्या एका वकील स्नेह्यांनी सांगितले, तेव्हा तेराव्याच्या आधी वडिलांची हत्यारे चादरीत गुंडाळून आम्ही जमा करायला नेली. कुठे ते लिहीत नाही, कारण आज त्या जागी बसणाऱ्यांचा त्यात काही दोष नाही. तिथल्या टेबलावर चादर सोडताना आईचा हात थरथरत होता आणि प्रत्येक हत्याराचा क्रमांक मोठ्याने वाचून घेतला जात होता, हे मी विसरलेलो नाही.

वारसाहक्काने माझा परवाना होऊन ती हत्यारे परत मिळेपर्यंत एकाहून अधिक पावसाळे गेले. ठाण्याची खाडीकाठची दमट हवा आपल्याला माहीत असेल. दुनळी हातात आली तेव्हा दस्त्यावरची चौकटीची नक्षी बुरशीने भरली होती, आणि दोन्ही नळ्यांच्या मधल्या पट्टीखाली, जिथे फडके पोहोचत नाही, तिथे गंजाने खड्डे पाडले होते. ती बर्मिंगहॅमची बनावट होती आणि तिच्या नळ्या दमास्कस पद्धतीच्या होत्या, म्हणजे लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या एकत्र पिळून, गुंडाळून, ठोकून घडवलेल्या. तेलाचा हात फिरवला की त्यावर लाकडाच्या रेषांसारखी वेलबुट्टी उमटे. अशा नळ्या काळ्या दारूसाठी, म्हणजे जुन्या धूर करणाऱ्या बंदुकीच्या दारूसाठी, घडवलेल्या असतात. खडकीच्या कारखान्याचे आजचे बारा बोअरचे, म्हणजे या दुनळीच्या मापाचे, काडतूस बिनधुराच्या दारूचे असते, त्याचा दाब जुन्या दमास्कस नळीने सोसावा अशी अपेक्षा कोणी जाणकार करत नाही, आणि त्यात माझ्या नळीला आतून खड्डे. "चालू स्थितीतली बंदूक तुम्ही सरकारजमा केलीत" असे आपण म्हणता. ती चालवली असती तर चालवणाऱ्याचा डावा पंजा उडण्याची भीती होती.

तरीही मी ती नंतर पुष्कळ वर्षे ठेवली. खंडेनवमीला तिची पूजा केली, आणि पूजा झाल्याबरोबर झेंडूची फुले उचलून ठेवली, कारण देठातल्या ओलाव्याचा डाग एका रात्रीत पोलादावर चढतो. मला हत्यारांची माया नाही असे ज्याला वाटते त्याने ही कामे एक वर्ष तरी करून पाहावीत. निवडणूक जाहीर झाली की हत्यारे जमा करण्याची नोटीस, मग ती परत आणणे, दर नूतनीकरणाला पडताळणी, हे सारे मी तक्रार न करता केले.

डिसेंबर 2019मध्ये कायदा पुन्हा बदलला आणि मर्यादा तीनवरून दोनवर आली. जास्तीचे हत्यार वर्षाच्या आत जमा करायचे होते. तेव्हा मी दुनळी दिली. आपला आक्षेप उरलेल्या दोहोंबद्दल आहे: वारसाला द्यायची होती, नियमांत तरतूद आहे. आहेच. 2016च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला किंवा हत्यार पंचवीस वर्षे त्याच्याकडे असले, तर तो हयात असतानाच ते वारसाच्या नावे करता येते. पण त्यासाठी वारसाने स्वतः अर्ज करावा लागतो, हत्यार सुरक्षितपणे हाताळण्याचे प्रशिक्षण घ्यावे लागते, ते कुलूपबंद ठेवण्याची हमी द्यावी लागते. माझी मुलगी खारघरला राहते, तिचा अर्ज नवी मुंबई पोलीस आयुक्तालयाकडे गेला असता. मी तिला विचारले. तिने दोन दिवस विचार करून स्पष्ट सांगितले की घरात लहान मूल आहे, तिला बंदुकीची आवड नाही, आणि केवळ माझ्या समाधानासाठी ती कपाटात हत्यार ठेवणार नाही. आपल्या मते मी तिला "संस्कार देण्यात कमी पडलो." महोदय, ही आपली मर्यादा सोडणारी भाषा आहे. जिला हत्यार नको आहे तिच्या घरात ते लादणे हा संस्कार असेल, तर तो आमच्या घरात वडिलांच्याही काळी नव्हता.

म्हणून रायफल आणि रिव्हॉल्व्हर मी हात चालतात तोवर स्वतःच मार्गी लावली. परवानाधारकाने दुसऱ्या परवानाधारकाला हत्यार विकताना घेणाऱ्याच्या नावपत्त्यासह लेखी कळवावे लागते आणि त्यानंतर किमान 45 दिवस थांबावे लागते, तसे थांबलो. रिव्हॉल्व्हर नेणाऱ्या गृहस्थांना मी समोर बसवून चक्र उघडायला, रिकामे आहे याची बोटाने खात्री करायला आणि चापापासून बोट दूर ठेवायला लावले, आणि ते त्यांना सहज जमते हे पाहिल्यावरच कागदावर सही केली. माझ्यामागे माझ्या पत्नीला चादर गुंडाळून कुठे जावे लागणार नाही, याची ही तजवीज आहे.

उरलेल्या मुद्द्यांना मी फार वेळ देणार नाही. किती पैसे आले, असे आपण दोनदा विचारले आहे. परदेशी हत्यारांची खासगी आयात 1980च्या दशकात बंद झाल्यापासून जुन्या विलायती रिव्हॉल्व्हरला चांगली किंमत येते हे सर्वांना माहीत आहे. मला किती आली ही माझी आणि घेणाऱ्याची बाब आहे. संग्रहालयाला द्यायला हवी होती, ही सूचना ऐकायला बरी वाटते, पण पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयासारख्या ठिकाणी जी शस्त्रे मांडलेली आहेत त्यांच्या पंक्तीला गंजलेली दुनळी बसत नाही. आणि "ठासणीची बंदूक पुरातन म्हणून परवान्याशिवाय ठेवता येते" हे आपले विधान इतरांनी वाचून तसे वागू नये म्हणून सांगतो: कायद्यातली सवलत अशा जुन्या हत्याराला आहे जे दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापरता येणार नाही. ज्या ठासणीच्या बंदुकीत आजही दारू ठासून बार काढता येतो, ती वापरायला किंवा बाहेर न्यायला परवाना लागतो.

आपल्याकडे किती हत्यारे आहेत आणि आपल्यामागे ती कोण सांभाळणार आहे, हे आपण कुठेही लिहिलेले नाही. ते कळवलेत तर मला वाचायला आवडेल. परवाना, हस्तांतर, देखभाल यांविषयी आपण काहीही विचारा, उत्तर देईन. माझ्या वडिलांविषयी किंवा मुलीविषयी पुन्हा एक अक्षर आले तर ती प्रतिक्रिया इथे राहणार नाही.